आठवी-नववीच्या मुलांसाठी मद्यपान-प्रतिबंधाचा डिजिटल अभ्यासक्रम शाळेने घ्यावा का?

प्रश्न: निफाडचे मुख्याध्यापक

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. मध्यंतरी एका खासगी कंपनीचे प्रतिनिधी शाळेत येऊन किशोरवयीन मुलांमधील मद्यपान रोखण्यासाठी तयार केलेला एक डिजिटल अभ्यासक्रम दाखवून गेले. आठ चित्रफिती, प्रत्येक चित्रफितीनंतर प्रश्नमंजूषा, अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र आणि शाळेच्या दर्शनी भिंतीसाठी एक फलक, असे त्याचे स्वरूप आहे. शुल्क दर विद्यार्थ्यामागे वार्षिक आहे. ते संस्थेने भरायचे की पालकांकडून घ्यायचे, हा प्रश्न पुढचा. या अभ्यासक्रमानंतर मुलांचे ज्ञान भरघोस वाढते, असे त्यांनी आलेख दाखवून सांगितले. ज्ञान वाढले म्हणजे पिणे थांबले असे धरायचे का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी पुढची स्लाइड लावली.

विषय टाळण्यासारखा राहिलेला नाही. आमच्याकडे द्राक्षाचा हंगाम उरकत आला की लग्नसराई लागते आणि हळदीच्या रात्री डीजेसमोर नाचणाऱ्या घोळक्यात आठवी-नववीची मुले हमखास असतात. शीतपेयाच्या बाटलीत आधीच मिसळून आणलेली दारू हातोहात फिरते, आणि ती देणारा बहुधा परका नसतो. मामेभाऊ, धाकटा चुलता किंवा नवरदेवाचा मित्र असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सारे पराक्रम म्हणून सांगितले जाते. व्यसनमुक्तीवर व्याख्यान आम्ही दरवर्षी ठेवतो. खराब झालेल्या यकृताचे चित्र पडद्यावर आले की मुले तोंडे वाकडी करतात आणि मधल्या सुट्टीत त्याच चित्रावर विनोद करतात.

असे डिजिटल कार्यक्रम जगात कुठे नीट तपासले गेले आहेत का, आणि तपासले असल्यास मुलांच्या वागण्यात खरोखर फरक पडला का, हे मला जाणून घ्यायचे आहे. शाळा व्यवस्थापन समितीतील काही सदस्यांना वाटते की ज्या मुलांच्या डोक्यात हा विषय नाही त्यांच्याही डोक्यात तो आपणच घालू. ही भीती अगदीच निराधार आहे असे मलाही छातीठोकपणे म्हणता येत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर: सिडनीतील शिक्षिका

सर, मी मूळची सांगलीची. गेली बरीच वर्षे न्यू साउथ वेल्समधील एका सरकारी माध्यमिक शाळेत आरोग्य आणि शारीरिक शिक्षण हा विषय शिकवते. तुम्ही विचारता तो प्रकार सर्वांत काटेकोरपणे जेथे तपासला गेला त्यांत ऑस्ट्रेलियाचे नाव आधी घ्यावे लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

येथील 'क्लायमेट स्कूल्स' हा कार्यक्रम न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील राष्ट्रीय मद्य व अमली पदार्थ संशोधन केंद्रात लॉरा वोगल, मरी टीसन, निकोला न्यूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. आता तो 'अवरफ्यूचर्स' या नावाने ओळखला जातो आणि त्याचे काम सिडनी विद्यापीठातील मटिल्डा सेंटरकडे आहे. मद्याविषयीचा भाग सहा तासिकांचा आणि प्रत्येक तासिका सुमारे ४० मिनिटांची. तासिकेच्या पूर्वार्धात प्रत्येक मूल संगणकावर आपापली चित्रकथा वाचते. कथेतील पात्रे त्यांच्याच वयाची असतात आणि प्रसंगही त्यांच्याच जगातले: शनिवारी कोणाच्या तरी घरी जमणे, मित्राने पुढे केलेला ग्लास, परत कोणाच्या गाडीतून यायचे हा पेच, एखादी मैत्रीण भोवळ येऊन पडली तर मोठ्यांना कळवायचे की लपवायचे हा त्याहून मोठा पेच. उत्तरार्धात संगणक बंद होतात आणि शिक्षक त्याच प्रसंगांवर गटचर्चा, लेखी कृती किंवा छोटी नाट्यकृती घेतात. तुमच्याकडे आलेल्या प्रतिनिधींच्या अभ्यासक्रमात हा उत्तरार्ध आहे का, हे आधी पाहावे. चित्रफीत आणि प्रश्नमंजूषा एवढेच असेल, तर दरवर्षीचे व्याख्यानच तुम्ही शुल्क भरून पडद्यावर घेत आहात.

यकृताची चित्रे या कार्यक्रमात जवळजवळ नसतात, कारण तेरा वर्षांच्या मुलाला चाळिशीत होणाऱ्या आजाराची भीती घालून फारसे काही साधत नाही. भर असतो तो एका गैरसमजावर. या वयातील मुलांना वाटते की आपण सोडून सगळेच पितात. माझ्या वर्गात मी एक साधी कृती घेते. प्रत्येकाने निनावी चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या: गेल्या महिन्यात आपण दारू घेतली का, आणि वर्गातील दर दहांपैकी किती जणांनी घेतली असावी असा अंदाज. चिठ्ठ्या मोजून दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की वर्ग गप्प होतो, कारण अंदाजाचा आकडा खऱ्या आकड्याहून नेहमी कितीतरी मोठा निघतो. 'सगळेच घेतात' या समजुतीचा आधार गेला की नाही म्हणणाऱ्या मुलाला एकटे पडल्यासारखे वाटत नाही.

परिणामांविषयी. पहिली मोठी चाचणी १६ शाळांतील सुमारे १४६६ विद्यार्थ्यांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्ञान मुलगे आणि मुली दोघांचेही वाढले. मुलींचे पिण्याचे सरासरी प्रमाण, अति पिण्याचे प्रसंग आणि त्यातून होणारे अपाय कमी झाले. मुलग्यांच्या वागण्यात मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. प्रतिनिधींना तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. ज्ञान सगळ्यांचे वाढूनही वागणे निम्म्यांचेच बदलू शकते.

त्यानंतर २०१२ मध्ये २६ शाळांतील २१९० विद्यार्थ्यांवर अधिक मोठी चाचणी सुरू झाली. काही शाळांना केवळ क्लायमेट, काहींना माँट्रियलच्या पॅट्रिशिया कॉनरॉड यांचा 'प्रिव्हेंचर', काहींना दोन्ही आणि उरलेल्यांना नेहमीचे आरोग्यशिक्षण मिळाले. प्रिव्हेंचर डिजिटल नाही. नैराश्याकडे झुकणारी, चटकन घाबरणारी, उतावळी आणि सतत थरार शोधणारी, अशा चार स्वभावांच्या मुलांना वेगवेगळ्या छोट्या गटांत बसवून प्रशिक्षित व्यक्ती दीड-दीड तासाच्या दोन बैठका घेते. त्या मुलांचा मागोवा सात वर्षांनी, म्हणजे ती विशीच्या उंबरठ्यावर असताना, पुन्हा घेतला गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गटांत दारूमुळे होणाऱ्या अपायांची शक्यता नेहमीच्या शिक्षणाच्या गटापेक्षा कमी होती. दोन्ही कार्यक्रम एकत्र केल्याने मात्र फायदा दुप्पट झाला नाही. आठवीतल्या काही तासिकांचा परिणाम सात वर्षे टिकावा, हे मला स्वतःला पटायला वेळ लागला.

उत्तर: पुण्यातील समुपदेशक

वरील माहिती मोलाची आहे, परंतु ती जशीच्या तशी निफाडला लावण्यापूर्वी ब्राझीलचे उदाहरण ऐकून घ्यावे. युरोपातील सात देशांत तयार झालेला 'अनप्लग्ड' हा बारा धड्यांचा कार्यक्रम तेथे चांगला ठरला होता. ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने २०१३ च्या सुमारास तो 'तामोजुंतो' या नावाने आपल्या सरकारी शाळांत आणला. पुढे अनेक शहरांतील शाळांमध्ये त्याची शिस्तशीर चाचणी घेतली, तेव्हा निष्पन्न असे झाले की कार्यक्रम घेतलेल्या मुलांमध्ये पहिल्यांदा दारू चाखणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रम न घेतलेल्या मुलांपेक्षा जास्त होते. कार्यक्रम डिजिटल नव्हता, पण धडा दोन्हींना लागू आहे. हेतू चांगला, मूळ कार्यक्रम सिद्ध, राबवणारे सरकार, आणि तरीही परिणाम उलटा. तेव्हा आपल्या समितीतील सदस्यांना घाबरट ठरवू नये. ब्राझीलच्या संशोधकांनी निष्कर्ष लपवला नाही आणि नंतर कार्यक्रम सुधारून घेतला, हे त्यांचे श्रेय.

अमेरिकेचे उदाहरण याहून जुने आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली सुरू झालेला 'डेअर' हा कार्यक्रम गणवेशातील पोलिस अधिकारी वर्गावर येऊन घेत असत. तो देशभर पसरला, पालकांना आवडला, टी-शर्ट निघाले, आणि नव्वदच्या दशकापासून एकामागून एक अभ्यासांनी दाखवले की मुलांच्या वागण्यावर त्याचा परिणाम नगण्य आहे. लोकप्रियता आणि परिणामकारकता यांचा संबंध असेलच असे नाही, हे फलक आणि प्रमाणपत्रांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियाच्या कार्यक्रमाची बैठक अपाय कमी करण्याची आहे. मुले कधी ना कधी पिणारच, तेव्हा निदान धोका ओळखून वागोत, असे ती मानते. तेथे मद्यपानाचे कायदेशीर वय १८ आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी ते २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. शिवाय आपल्याकडे शाळकरी वयात पिणारी मुले तुलनेने फार थोडी आहेत. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटातील मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १.३ टक्के आढळले. एवढ्या थोड्यांसाठी आठवीच्या सगळ्या वर्गाला 'घेतलीच तर किती घ्यावी' हे शिकवू लागलो, तर पालक शाळेवर मोर्चा आणतील आणि त्यांचे फारसे चुकणारही नाही. आपल्याकडे त्या वयासाठी एकच उद्दिष्ट योग्य वाटते: पहिला घोट जितका लांबवता येईल तितका लांबवणे. यालाही आधार आहे. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या १९९७ मधील विश्लेषणात पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधीतरी दारूच्या आहारी गेलेले आढळले; विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात हेच व्यसनाचे कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थितीही बहुतेकदा वेगळी असते. तरीही अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

चिठ्ठ्यांची कृती उत्तम आहे, पण ती तलवार दुधारी आहे. एखाद्या वर्गात पिणाऱ्यांचा खरा आकडाच मोठा निघाला आणि तो तुम्ही फळ्यावर लिहिलात, तर 'सगळेच घेतात' या समजुतीवर शाळेनेच शिक्का मारल्यासारखे होईल. चिठ्ठ्या आधी शिक्षकाने एकट्याने मोजाव्यात आणि मगच वर्गापुढे काय न्यायचे ते ठरवावे.

उत्तर: संगणक शिक्षक, बीड

मी तांत्रिक बाजूपुरतेच लिहितो. 'प्रत्येक मूल आपापल्या संगणकावर' ही अट आपल्या शाळांत कशी पाळायची? आमच्या संगणक कक्षातील निम्मी यंत्रे दुरुस्तीच्या प्रतीक्षेत असतात, एका यंत्रापुढे तिघे बसतात आणि दुपारी वीज गेली की तासिका संपते. तिघे शेजारी बसलेले असताना 'तू कधी दारू घेतलीस का' या प्रश्नावर खरे उत्तर कोण टिपणार? घरच्या मोबाइलवर करायला सांगितले तर तो मोबाइल वडिलांचा असतो, आणि तो शेतावरून किंवा कामावरून रात्री परत येतो.

त्यापेक्षा चित्रकथा सगळ्या वर्गाने मोठ्या पडद्यावर एकत्र पाहावी आणि खासगी प्रश्न कागदावर घ्यावेत. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमुळे दीक्षा ॲपची सवय शिक्षकांना झालेली आहे. आधी उतरवून ठेवलेली चित्रफीत आंतरजालाशिवायही चालते. तुमच्या कंपनीचा अभ्यासक्रम असा चालतो का, हे विचारा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नोंदींची आहे. ॲपमध्ये मुलाने हजेरी क्रमांक टाकून आत जायचे असेल आणि पुढे स्वतःच्या पिण्याविषयी उत्तरे द्यायची असतील, तर ती माहिती कोणाच्या सर्व्हरवर, किती काळ आणि कोणाला दिसेल अशा रीतीने राहते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. पालकांनी प्रवेश अर्जावर केलेली सही त्यासाठी दाखवली जात असेल, तर करार करू नका. नववीतल्या मुलाने प्रामाणिकपणे दिलेले एक 'हो' उद्या कोणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही.

उत्तर: निफाडचे मुख्याध्यापक

सर्वांचे आभार. बीडच्या सरांनी सांगितलेला मुद्दा तत्काळ तपासला. कंपनीच्या अभ्यासक्रमात खरोखरच हजेरी क्रमांक टाकून प्रवेश आहे आणि 'विद्यार्थीनिहाय अहवाल' मुख्याध्यापकांना मिळणे हे त्यांनी वैशिष्ट्य म्हणून छापले आहे. मला तो अहवाल नको आहे. असा कागद माझ्या टेबलावर आला तर मी त्याचे काय करावे, हे कोणी सांगितलेले नाही, आणि तो आला आहे हे गावात लपणारही नाही.

सिडनीच्या मॅडमना एक विचारायचे आहे. मुलग्यांवर परिणाम दिसला नाही, असे आपण लिहिले. आमच्याकडे प्रश्न प्रामुख्याने मुलग्यांचाच आहे. मग आम्ही हे कशाच्या भरवशावर करायचे? आणि पालकांचे काय? हळदीत ग्लास पुढे करणारा चुलता आमच्या वर्गात बसत नाही.

उत्तर: सिडनीतील शिक्षिका

सर, मुलग्यांविषयीचा तो निष्कर्ष पहिल्या चाचणीचा होता, आणि नंतरच्या मोठ्या चाचण्यांतून एकूण चित्र अधिक आशादायक दिसले, हे खरे. तरीही तुमची शंका मी खोडून काढणार नाही. मुलगे आपली फुशारकी वर्गात सोडायला तयार नसतात, आणि जी तासिका त्यांना उपदेशाची वाटते तीत ते तोंड मिटून बसतात. माझ्या पाहण्यात त्यांना बोलते करणारे प्रसंग बहुधा कोणाच्या तरी संरक्षणाचे असतात. मित्र पिऊन दुचाकी काढतो आहे, तू किल्ली कशी काढून घेशील? या प्रश्नावर मागच्या बाकावरची मुलेही हात वर करतात. निफाडची चित्रकथा करायची झाली, तर सिडनीतील शनिवारची पार्टी घेऊन उपयोग नाही. हळदीची रात्र, गटारी अमावस्येला शेतावर गेलेली मुले, ३१ डिसेंबरची गच्ची आणि 'अरे, एवढ्याने काय होतंय' म्हणणारा आवडता दादा हवा. पहिला मसुदा तुमच्याच दहावीच्या मुलांकडून लिहून घ्या. मोठ्यांनी लिहिलेले संवाद मुलांना लगेच ओळखू येतात.

पालकांविषयी येथे झालेला एक अभ्यास मी आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या आई-वडिलांना आवर्जून सांगते. 'घरात आपल्या देखरेखीखाली थोडी दिली, तर बाहेर जाऊन अति करणार नाही' ही समजूत येथे फार पसरलेली आहे आणि आपल्या लोकांनीही ती उचलली आहे. सिडनी, पर्थ आणि होबार्ट येथील १९२७ किशोरवयीन मुले व त्यांच्या पालकांचा २०१० पासून सहा वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, पालकांनी दारू दिल्याने मुलांचे रक्षण होते असा कोणताही पुरावा मिळाला नाही. उलट घरातून मिळणाऱ्या मुलांना पुढे बाहेरूनही मिळण्याची शक्यता अधिक दिसली. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

केवळ पालकसभा बोलावून मात्र काम होत नाही. उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील १०५ शाळांत वर्गातील धड्यांबरोबर पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवली होती; तिला फारच थोडे पालक आले. त्या चाचणीत एका बैठकीत बरीच दारू पिणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी झाले, पण दारूमुळे होणाऱ्या अपायांत फरक आढळला नाही. त्यामुळे सभेला कोण येईल यावर विसंबण्याऐवजी घरी जाणारा एक छोटा कागद किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर शिक्षकाच्या आवाजातील दोन मिनिटांचा संदेश अधिक पोहोचेल, असे मला वाटते.

उत्तर: वाचक, चंद्रपूर

सर्वांचा आदर राखून थोडे विरुद्ध लिहितो. शाळेच्या वाटेवर बिअर शॉपी, बसथांब्याजवळ देशीचे दुकान, क्रिकेटच्या सामन्यात सोड्याच्या नावाने मद्याच्या ब्रँडची जाहिरात, आणि मुलांना सांगायचे की तुम्ही चित्रकथा वाचून मन घट्ट करा! आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी गेल्या महिन्यात नशा येईपर्यंत दारू प्यायल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तेथे कोणत्याही ॲपने हे केले नाही. संध्याकाळी मुलांनी घराबाहेर किती वाजेपर्यंत राहायचे याचे नियम पाळले गेले, पालकांनी गट करून एकमेकांशी करार केले, खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी नगरपालिकेने पैसे दिले आणि दरवर्षी मुलांचे सर्वेक्षण करून प्रत्येक शाळेला तिचे आकडे कळवले. निफाडमध्ये शाळा सुटल्यानंतर चार ते आठ या वेळेत मुलांसाठी काय उघडे असते, याचा हिशेब आधी मांडा.

ग्लास पुढे करणाऱ्या चुलत्याचेही उत्तर आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम लग्नपत्रिकेत छापावे असे मी म्हणत नाही, पण ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवायला काय हरकत आहे? आणि दुकानाचा त्रास असेल तर महिलांच्या मतदानाने बाटली आडवी करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहेच. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. तिच्या यशापयशावर येथे वाद घालत नाही, मात्र बंदीच्या काळात दारू पोहोचवण्यासाठी लहान मुलांचा वापर होत असल्याच्या तक्रारी आम्ही ऐकल्या आहेत, तेव्हा केवळ कायद्यावरही माझी भिस्त नाही.

उत्तर: शिक्षिका, फोंडा

गोव्याचा अनुभव थोडक्यात मांडते. आमच्याकडे कायदेशीर वय १८ आहे, दुकाने जागोजागी आहेत आणि अनेक घरांत फेणी औषधाच्या कपाटात सापडते. मुलाने ती चाखली तर घरात आरडाओरड होत नाही. अशा ठिकाणी 'दारू वाईट' या वाक्याने सुरू होणारा कोणताही धडा मुलांना स्वतःच्या आजोबांवरचा आरोप वाटतो आणि ती तेथेच मन बंद करतात. पडद्यावरील कथेचा मला दिसलेला फायदा हा की बोलणे पात्रांविषयी होते, घराविषयी होत नाही.

उत्तर: पुण्यातील समुपदेशक

फोंड्याच्या मॅडमच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो, जी अशा अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकात कधी दिसत नाही. एका शाळेत तासिका संपल्यावर आम्ही प्रश्नपेटी ठेवली होती. त्यात निघालेल्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच चिठ्ठ्यांचा मुलांच्या स्वतःच्या पिण्याशी संबंध नव्हता. एका चिठ्ठीवर लिहिले होते, 'पप्पा रात्री पिऊन आल्यावर मी लहान बहिणीला घेऊन कुठे थांबू?' पडदा असा प्रश्न वर आणतो, पण उत्तर देत नाही. शाळेत तो विषय काढायचा असेल, तर उत्तर देणारी व्यक्ती त्या दिवशी शाळेत हजर असली पाहिजे. वर्गशिक्षकांपैकी एक पुरुष आणि एक स्त्री यांनी आधी प्रशिक्षण घ्यावे; आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे आणि व्यसनप्रतिबंध हा त्यातील एक विषय आहे, त्याचा लाभ मागून घ्यावा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे तीन क्रमांक प्रत्येक तासिकेच्या शेवटच्या पडद्यावर असावेत, आणि मुलींच्या व मुलग्यांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही, जेथे ते कोणाच्या नजरेत न येता टिपून घेता येतात.

चंद्रपूरच्या वाचकांशी मी बहुतांशी सहमत आहे. तरीही शाळेच्या हाती असलेले काम शाळेने दुकान हलेपर्यंत थांबवू नये.

उत्तर: निफाडचे मुख्याध्यापक

कंपनीला तूर्त नकार कळवतो आहे. त्यांनी हजेरी क्रमांकाची अट काढली, अभ्यासक्रम घेतलेल्या आणि न घेतलेल्या शाळांतील मुलांच्या वागण्याची तुलना एक वर्षानंतर दाखवली आणि शिक्षकांसाठी वर्गकृती दिल्या, तर पुन्हा बोलू. दरम्यान दहावीच्या मुलांकडून तीन प्रसंग लिहून घेऊन मराठीच्या शिक्षिका आणि कलाशिक्षक यांनी त्याची चित्रकथा करावी, ती आठवीला पडद्यावर दाखवावी आणि उरलेली अर्धी तासिका चर्चेला ठेवावी, असा विचार आहे. समितीतील ज्या सदस्यांनी विरोध केला होता त्यांनाच पहिल्या तासिकेला मागे बसायला बोलावणार आहे.

एकच अडचण उरते. सुरुवातीच्या निनावी चिठ्ठीत मुले खरे लिहितील का? आमच्याकडे शिक्षक मुलांचे अक्षर ओळखतात, आणि मुलांना ते ठाऊक आहे.

उत्तर: पुण्यातील समुपदेशक

अक्षर लागेल असे काही विचारूच नका. छापील चिठ्ठीवर केवळ चौकटी असाव्यात आणि खूण करायला सर्वांना एकाच रंगाचे पेन द्यावे. ज्याने दारू घेतलेली नाही त्यालाही तेवढ्याच खुणा कराव्या लागतील असे प्रश्न ठेवा, म्हणजे कोणाचे पेन किती वेळ चालले यावरून शेजाऱ्याला काही कळणार नाही. मध्ये एखाद्या बनावट पेयाचे नाव घाला. त्यावर खूण करणाऱ्यांच्या चिठ्ठ्या मोजणीतून वगळता येतात, कारण वर्गात गंमत करणारे चार जण असतातच. चिठ्ठ्या वर्गशिक्षकाने गोळा करू नयेत. मुलांनी त्या घडी घालून कुलूपबंद पेटीत टाकाव्यात आणि पेटी शाळेबाहेरच्या व्यक्तीने, शक्य असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्याने, मुलांसमोर उचलून न्यावी. मोजणी झाल्यावर चिठ्ठ्या नष्ट करणार हे आधी सांगा आणि तसे करा. हेच सर्वेक्षण तासिकांपूर्वी, तासिका संपल्यावर आणि पुढच्या लग्नसराईनंतर घ्या. शक्य झाल्यास तालुक्यातील दुसऱ्या एका शाळेतही त्याच तारखांना घ्या, म्हणजे फरक तासिकांमुळे पडला की हंगामामुळे, हे थोडेफार समजेल. चिठ्ठीचा नमुना मी उद्या येथे टाकतो.